चोवीसचा भाव, सोळाची ऑफर

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

"ताई, वय ३७. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये तेरा वर्षं झाली. मार्च २०२२ मध्ये साडेतेरा लाखांवरून एकदम चोवीस लाखांच्या पॅकेजवर उडी मारली. त्याच जोरावर पुनावळ्यात फ्लॅट घेतला, हप्ता ५२ हजार. नोव्हेंबर २०२४ मध्ये आमची अख्खी टीम बंद झाली. तीन महिन्यांचा पगार देऊन राजीनामा लिहून घेतला. आज आठ महिने घरी आहे. फेब्रुवारीत एकोणीस लाखांची ऑफर आली होती, कमी वाटली म्हणून सोडली. आता हातात दोन आहेत. एक सर्व्हिस कंपनीतली कायम नोकरी, सोळा लाख. दुसरं थर्ड पार्टीमार्फत सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, महिना १ लाख ४० हजार. सोळाचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. बायको शाळेत शिकवते, तिचे २८ हजार येतात. शिल्लक सव्वातीन लाख. मित्र म्हणतात, एकदा खाली उतरलास की परत वर चढणं नाही, मार्केट उघडेल, थांब. एक कन्सल्टन्सीवाला मधल्या आठ महिन्यांचं एक्स्पिरियन्स लेटर चाळीस हजारांत करून देतो म्हणतोय. आई आमच्याकडे असते. तिला आणि गावी वडिलांना (निफाडकडे कांद्याची शेती आहे) नोकरी गेल्याचं सांगितलेलं नाही. रोज हेडफोन लावून बेडरूममध्ये बसतो. 'दादाची मीटिंग चाललीय' म्हणून आई टीव्हीचा आवाज कमी करते. आठ महिन्यांत माझी लायकी आठ लाखांनी कमी झाली का?"

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्या पोटात आहेत.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि लासलगावचा भाव बघता बघता कोसळला. तुमच्या वडिलांच्या खळ्यातला कांदा आदल्या आठवड्यात होता तसाच होता. तेच वावर, तेच बियाणं, तेच पाणी. वडिलांनी सरकारला शिव्या घातल्या असतील, पण 'माझी लायकी कमी झाली' असं काही ते म्हणाले नसणार. भाव त्या दिवसाचा असतो, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. आपण पगारदार मात्र ते विसरतो, कारण आपला भाव वर्षातून एकदा ठरतो आणि बहुधा वरच जातो.

तर तुमचा चोवीसचा भाव कोणत्या दिवसाचा आहे? मार्च २०२२ चा. मी तेव्हा भरतीच्या टेबलापलीकडे होते, त्यामुळे तो काळ चांगला आठवतो. मोठमोठ्या आयटी कंपन्यांमधून वर्षाला शंभरातली वीस ते अठ्ठावीस माणसं सोडून जात होती. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये एक ऑफर दाखवून दुसरी आणि दुसरी दाखवून तिसरी काढणारे उमेदवार रोज भेटायचे. रुजू होण्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही फोन करायचो, "सर, आज येताय ना?" त्या धावपळीत साडेतेराचे चोवीस झालेले तुम्ही एकटे नाही. २०२५ च्या मध्यापर्यंत त्याच कंपन्यांत सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण बारा ते पंधरा टक्क्यांवर आलं. म्हणजे जो तो आपली खुर्ची घट्ट धरून बसलाय आणि खुर्च्या रिकाम्याच होत नाहीत. जुलै २०२५ च्या अखेरीस टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. तुम्ही त्याच फळीत बसता.

म्हणून "मार्केट उघडेल, थांब" म्हणणाऱ्या मित्रांना एक विचारा: कोणतं मार्केट? कामं हळूहळू येतीलही. पण २०२२ हा नेहमीचा पाऊस नव्हता, तो ढगफुटीचा होता. त्या वर्षाच्या आकड्याला 'नॉर्मल' धरून पेरणी करणाऱ्यांत तुम्हीही आहात, बिल्डरही होते आणि कंपन्यासुद्धा.

आता ते चोवीस जरा उघडून बघू. तुम्ही पत्रासोबत जुन्या ऑफर लेटरचा तक्ता पाठवलात ते बरं केलंत. त्यात मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून १ लाख २० हजार, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग) २ लाख ४० हजार, आणि तीन वर्षं पूर्ण झाल्यावर मिळणारा रिटेन्शन बोनस वर्षाला २ लाख या हिशोबाने धरलेला. खरा ठरलेला पगार १८ लाख ४० हजार. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात आणि तुमची पावणेतीन झाली, म्हणजे ती गेली. रिटेन्शन बोनसही चार महिने आधी हुकला. कर, पीएफ जाऊन तुमच्या खात्यात महिन्याला १ लाख २१ हजारांच्या आसपास जमा व्हायचे.

सोळाच्या ऑफरचा तक्ताही मांडून पाहिला. पीएफ-ग्रॅच्युइटी ९० हजार, व्हेरिएबल १ लाख १० हजार, ठरलेला पगार १४ लाख. शिवाय २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीचे टप्पे सैल झालेत. सगळं वजा जाता हातात साधारण १ लाख २ हजार पडतात.

म्हणजे कागदावर एक तृतीयांश पगार गेला आणि पिशवीत फरक पडला एकोणीस-वीस हजारांचा. वीस हजार ही लहान रक्कम आहे असं मी म्हणत नाही. पण 'आठ लाखांनी खाली' हा आकडा छातीवर घेऊन तुम्ही आठ महिने झोपताय, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग तुमच्या हातात कधी आलाच नव्हता किंवा करात जात होता. हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, दोन पॅकेजेस कधीही सीटीसीवरून (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण वार्षिक खर्च) ताडू नका. दोन्ही तक्ते समोर ठेवा आणि 'खात्यात दरमहा किती' एवढं एकच काढा. एचआरकडे तो तक्ता मागायला लाजू नका. देत नसतील तर तीही एक माहितीच झाली.

दुसरा हिशोब थांबण्याच्या किमतीचा. समजा तुम्ही सोळा नाकारलं आणि चार महिन्यांनी पुन्हा एकोणीस मिळालं. एकोणीसला हातात १ लाख २० हजारांच्या आसपास येतील, म्हणजे महिन्याला अठरा हजार जास्त. पण दरम्यान चार महिन्यांचे चार लाखांवर बुडाले. ते भरून यायला जवळपास दोन वर्षं लागतील. आणि एकोणीस मिळेलच, ते चारच महिन्यांत मिळेल, ही दोन्ही गृहीतकं आहेत. वडील उन्हाळ कांदा चाळीत भरतात, तेव्हा वजनातली घट आणि सड धरूनच भावाची वाट बघतात. तुम्ही वाट बघताय, पण घट धरलेली नाही.

फेब्रुवारीतली एकोणीसची ऑफर मात्र डोक्यातून काढा. तेव्हा नोकरी जाऊन तीनच महिने झाले होते, खात्यात पैसे होते, आणि समोरचा अंधार दिसत नव्हता. त्या वेळी चुकीचं वागलात असं मला वाटत नाही.

आता मित्रांच्या भीतीकडे येते, कारण ती खोटी नाही. आपल्याकडे भरतीवाला पहिला प्रश्न विचारतो, "करंट सीटीसी किती?" आणि त्यावर वीस-तीस टक्के चढवून ऑफर बनवतो. कामाचा भाव आधीच्या मालकाने काय दिला यावर ठरवायचा, ही पद्धत आळशीपणाची आहे, आणि मीही ती वर्षानुवर्षं वापरली. त्यामुळे सोळाचा आकडा पुढच्या मुलाखतीत तुमच्या मागे येणार, हे खरं. पण शून्य जास्त चिवटपणे मागे येतं. 'करंट सीटीसी'च्या रकान्यात तुम्ही आज चोवीस लिहिता. आणखी दहा महिन्यांनी तिथे 'दीड वर्षापूर्वी चोवीस' लिहाल, आणि वाचणाऱ्याला त्यातलं 'दीड वर्षापूर्वी' एवढंच दिसेल.

दोन नोकऱ्यांमधल्या अंतराबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतरच्या रखडत्या काळात तीन अर्थशास्त्रज्ञांनी शंभर मोठ्या शहरांत सुमारे बारा हजार काल्पनिक बायोडेटा पाठवून पाहिले. त्यात बघायचा फरक किती महिने बेकार याचा. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: महिने वाढतील तसे मुलाखतीचे फोन कमी होतात, पण ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. दुसरी गोष्ट, जिथे सगळीकडेच नोकऱ्यांचा दुष्काळ होता तिथे मालक त्या अंतराकडे कमी संशयाने बघत होते. माणूस नालायक म्हणून घरी बसलाय की काळ वाईट म्हणून, एवढं त्यांनाही कळत होतं. अमेरिकेचं पुण्याला जसंच्या तसं लागू होतं असं नाही. पण टेबलापलीकडून मी जे पाहिलं ते याच्याशी जुळतं. अंतर लपवणाऱ्याला आम्ही खोदून विचारायचो; "नोव्हेंबरमध्ये आमचं प्रॉडक्टच बंद झालं, टीममधले सगळे गेलो" असं सरळ सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न कामाचाच यायचा.

म्हणूनच ते चाळीस हजारांचं लेटर नको. नैतिकतेचं प्रवचन देत नाही, व्यवहार सांगते. तुमच्या यूएएनवर (पीएफचा कायम क्रमांक) कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत पीएफ भरला ते एका स्क्रीनवर दिसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले सगळ्यात आधी तेच मागतात, कधी २६ एएस (तुमच्या नावावर कुणी किती कर कापला त्याची नोंद) मागतात. लेटरवर शिक्का असेल, पण पीएफ आणि टीडीएस कुठून आणाल? पकडलं गेलं तर रुजू झाल्यानंतरही काढतात, आणि मग नोव्हेंबर २०२४ ची खरी, स्वच्छ गोष्टही कोणी ऐकून घेत नाही.

कॉन्ट्रॅक्टचं काय? १ लाख ४० हजार डोळ्यात भरतात, म्हणून तेही सोलून बघा. पैसे पगार म्हणून येणार की 'प्रोफेशनल फी' म्हणून १० टक्के टीडीएस कापून? पीएफ नाही, सुट्टीचे पैसे नाहीत, आरोग्य विमा नाही, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीवर संपवता येतं, असं तुम्हीच लिहिलंय. सहा महिन्यांनी पुढे काय, तर 'क्लायंटवर अवलंबून'. तुमचं वय पंचविशीतलं असतं, हप्ता नसता, तर मी कॉन्ट्रॅक्ट घ्या म्हटलं असतं. तिथलं काम ऑटोमेशनचं (कोड लिहून त्याच्याकडून टेस्टिंग करून घेण्याचं) आहे आणि सोळावाल्यांकडे नुसतं मॅन्युअल टेस्टिंग असेल, तर मात्र थोडं थांबून विचार करा. पगार दोन वर्षांत भरून काढता येतो. हाताचं वळण एकदा गेलं की ते परत आणायला फार वेळ लागतो. त्यामुळे सोळावाल्यांना पहिला प्रश्न पैशाचा विचारू नका. "प्रोजेक्ट कोणता, टूल्स कोणती, माझ्या हातात कोड असणार का" हे विचारा, आणि एचआरला न विचारता ज्याच्या हाताखाली काम करणार त्या मॅनेजरला विचारा.

उत्तर समाधानकारक आलं तर माझं मत सोळा घ्या असं आहे. पण आलेला आकडा तसाच उचलू नका.

तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी तुम्हाला तोट्याची वाटते आणि भरतीवाल्याला सोन्यासारखी: तुम्ही सोमवारी रुजू होऊ शकता. त्यांच्या यादीतले बाकीचे उमेदवार नोकरीत आहेत, म्हणजे साठ-नव्वद दिवसांची नोटीस, नाहीतर नोटीस न भरता सोडवून घेण्याचे (बाय-आउटचे) पैसे, आणि त्यातही शेवटच्या क्षणी आहे तिथेच थांबण्याची भीती. तेव्हा फोनवर असं काहीसं म्हणा: "मला काम आवडलंय. मी येत्या सोमवारी येऊ शकतो. ठरलेला पगार साडेपंधरा करता आला तर आजच होकार कळवतो." सीटीसी म्हणू नका, ठरलेला पगार म्हणा. एवढं बोलून गप्प बसा. पुढची शांतता तुम्हाला फार मोठी वाटेल आणि ती भरायला तुम्ही "नाही जमलं तरी चालेल" म्हणाल, ते टाळा. साडेपंधरा बहुधा मिळणार नाही. तेव्हा मागायच्या गोष्टी वेगळ्या: व्हेरिएबलमधला काही भाग ठरलेल्या पगारात, रुजू होतानाचा एकरकमी बोनस (बजेट नाही म्हणणाऱ्यांकडे हा डबा बऱ्याचदा वेगळा असतो), सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार ऑफर लेटरमध्ये लिहून, आणि पदनाम. पदनामाला कमी लेखू नका. 'लीड'चं 'सीनियर इंजिनिअर' झालं तर पुढच्या भरतीवाल्याला पगारातली घट समजते, पण हुद्द्यातली घट त्याला खुपते.

अजून एक. चोवीसवाला सोळाला आला की भरतीवाल्याच्या मनात पाल चुकचुकते: हा टिकणार का? मार्केट फिरलं की पळणार. आम्ही याच शंकेने कितीतरी चांगली माणसं परत पाठवलीत. त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच बोला. "मागचा पगार २०२२ च्या बाजाराचा होता, हे मला माहीत आहे" हे एकच वाक्य पुरतं. आणि एकदा गेलात की निदान दीड वर्ष थांबायची तयारी ठेवा.

घरखर्चाचं गणितही तुम्ही पाठवलंय: हप्ता, शाळा, किराणा, गावी पाठवायचे दहा हजार धरून महिना ९९ हजार. बायकोचे २८ वजा जाता तुम्हाला ७१ हजार लागतात. सोळात ते भागतं आणि तीसेक हजार उरतात. हीच तुमची खालची मर्यादा होती आणि ती आठ महिन्यांपूर्वीच कागदावर यायला हवी होती. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात हा आकडा असावा. 'एक्स्पेक्टेड'च्या रकान्यात तो लिहायचा नसतो, तो फक्त स्वतःला माहीत असावा लागतो. त्याच्या खालची ऑफर आली तर मान झुकवायची गरज नाही. वरची आली तर जुन्या आकड्याच्या आठवणीने ती लाथाडायची नाही.

जाता जाता बँकेत एक चक्कर मारा. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आणला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर व्याज उतरलंय, पण बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. लेखी अर्ज देऊन मुदत तीच ठेवा आणि हप्ता कमी करून घ्या. तुमच्या अठ्ठावन्न लाखांच्या कर्जावर हप्ता साडेतीन हजारांच्या आसपास उतरेल. आणि कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर गेलाय, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. नवी नोकरी लागेपर्यंतचे दिवस मोजत बसू नका. चौघांचं एक साधं कव्हर याच आठवड्यात घ्या.

ज्यांचा पगार याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा आहे, त्यांना वरचं सगळं लागू पडत नाही. चाकणच्या कंपनीतून निघालेल्या क्वालिटी इन्स्पेक्टरला बावीस हजारांच्या जागी सोळा हजार मिळत असतील आणि खोलीभाडं, किराणा, मुलाची फी मिळून एकोणीस होत असतील, तर 'अहंकार सोडा' हा सल्ला देणाऱ्याने आधी तीन हजार खिशातून काढून द्यावेत. तिथे प्रश्न अपेक्षेचा नसतो. तिथे ओव्हरटाइम मिळतो का, बस आहे का, कँटीन आहे का, घरातलं दुसरं कोणी कमावू शकतं का, असं पै-पैचं बघावं लागतं. त्यावर स्वतंत्र पत्रं आलीत, त्यांना पुढच्या वेळी उत्तर देते.

राहता राहिली आई. आठ महिने रोज मीटिंग, आणि त्यात तुमचा आवाज मात्र कधी बाहेर येत नाही. पगाराच्या तारखेला घरात पूर्वी जे काही यायचं ते आता येत नाही. शेतकऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला घरातली तंगी कळली नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. आई टीव्हीचा आवाज कमी करतात तो मीटिंगसाठी करतात की तुमच्यासाठी, हे त्यांनाच विचारा. शुक्रवारी कंपनीला उत्तर द्यायचंय ना, मग गुरुवारी संध्याकाळी, बायको घरी असताना, आधी आईंना सांगा. होकाराच्या बातमीसोबत सांगायचा मोह होईल, पण तो आवरा. आणि वडिलांना फोन आईंसमोरच लावा.